जो वाटील त्याने शेवटी घ्यावे

नात्यांची कर्तव्ये सांगणारे ग्रंथ आपल्याकडे उदंड आहेत. पित्याने पुत्राला कसे वाढवावे, थोरल्याने धाकट्याला कसे सांभाळावे, सुनेने सासूपुढे किती बोलावे, या सगळ्यांवर कुणी ना कुणी काही लिहून ठेवले आहे. आत्याने भाचरांसाठी काय करावे हे मात्र कुठे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. मावशीच्या वाट्याला निदान एक प्रेमळ म्हण तरी आली. माय मरो पण मावशी उरो, असे लोक म्हणतात. आत्याच्या वाट्याला आली ती केवळ एक थट्टा : आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते. ही थट्टा आपण लहानपणापासून ऐकतो, हसतो आणि विसरतो. तिच्यात केवढा व्यवहार भरलेला आहे हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

आत्याला एक मान मात्र निर्विवाद आहे. बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचे ते तिने. त्या मानाबद्दल बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात आणि तीही ते हसत हसत सोसते. घरातल्या बहुतेक प्रत्येकाचे नाव अशा रीतीने कुणा ना कुणा आत्याच्या तोंडून प्रथम उच्चारले गेलेले असते. घराला नावे देणारी ही बाई स्वतः मात्र त्या घराच्या कागदावर सहसा आढळत नाही. माया तिची, नाव इतरांचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे काय, आणि असलाच तर तो तसा असणे योग्य आहे काय, या प्रश्नाचा विचार मला दिवाळीच्या या दिवसांत करावासा वाटतो. दिवाळीच का, हे पुढे लक्षात येईल.

आमची आत्या वडिलांहून नऊ वर्षांनी मोठी होती. वडील तिला आक्का म्हणत, आई वन्सं म्हणे. तिची मुले मोठी होऊन शिक्षणासाठी बाहेरगावी गेली होती, त्यामुळे दिवाळीत ती बीडला आमच्याकडे आली की पंधरवडाभर राही. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती वडिलांना ओवाळी, वडील ताटात काही नोटा घालीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आम्हां तिघा भावंडांना घेऊन घराबाहेर पडे. हा आमच्या घरचा नेमच होऊन गेला होता. एका वर्षी गावातल्या गावात कंकालेश्वराचे पाण्यातले देऊळ आणि दुष्काळातही न आटण्याची ख्याती असलेली ती निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर पाहून झाली. एका वर्षी कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन घेतले आणि धबधब्याखाली मनसोक्त भिजलो. ज्या सहलीविषयी मला येथे सांगायचे आहे ती अंबाजोगाईची.

तेव्हा दादा अकरा वर्षांचा होता, मी नऊ आणि धाकटा पाच. लाल गाडीने मांजरसुंब्याचा घाट ओलांडला की दोन्ही बाजूंना बालाघाटाच्या उजाड टेकड्या लागतात. पाऊस बेताचा, माती पातळ, दगड मुबलक. परंतु देवाने या दगडांना एक गोष्ट भरभरून दिली आहे, ती म्हणजे सीताफळ. कुणी लावावे लागत नाही, पाणी घालावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टेकडीच्या अंगाखांद्यावरची ती काटक झुडपे आपली आपण लगडून जातात. बीडच्या या सीताफळाला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या काळी ते गरिबाचे फळ होते. नेकनूरच्या थांब्यावर एका बाईकडून आत्याने खिडकीतूनच एक लहान पाटी घेतली आणि पिशवीत ओतली. पैसे दिले ते पदराच्या गाठीतल्या कालच्या नोटांतून.

अंबाजोगाईला आम्ही प्रथम योगेश्वरीच्या देवळात गेलो. तेथे आत्याने आम्हांला देवीची गोष्ट सांगितली. देवी मूळची कोकणची. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, पण काही ना काही होऊन मुहूर्त टळला. मग ती परत गेली नाही आणि परळीलाही गेली नाही, येथेच राहिली. कोकणातली कितीतरी घराणी तिला आपली कुलदेवता मानून इतक्या दूर अजूनही येतात. धाकट्याने विचारले, "मग ती कुणाच्या घरी राहते?" आत्या म्हणाली, "स्वतःच्या!" आणि हसली. त्या हसण्यात काय होते ते तेव्हा आम्हांला कळण्यासारखे नव्हते. सासर नाही, माहेर दूर, आणि तरीही जिचे स्वतःचे घर आहे अशी आमच्या जिल्ह्यातली ती एकच लेक असावी.

दासोपंतांची पासोडीही त्या दिवशी आमच्या बोलण्यात होती. चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या त्या कवीने वेदान्त लिहून काढला. दादाचे म्हणणे पडले की एवढ्या कापडात आम्हां तिघांचे किती सदरे झाले असते! त्या वयात तत्त्वज्ञानापेक्षा सदऱ्यांचा हिशेब जवळचा वाटतो, आणि मला वाटते तो तत्त्वज्ञानाहून अगदीच वेगळाही नसतो.

दुपारी मुकुंदराजांच्या समाधीकडे गेलो. शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या आद्यकवीची ही समाधी, अशी तिथली परंपरा आहे. दरी, झाडी आणि शांतता. तेथे आत्याने फडके पसरले, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली, घरच्या फराळातल्या करंज्या काढल्या आणि शेवटी पिशवीतली सीताफळे ओतली. ती अकरा भरली. खाणारे आम्ही चार. काही फळे डोळे उघडलेली, काही अजून दगडासारखी, एक तर धाकट्याच्या डोक्याएवढे! वाटणीचे काम थोरला म्हणून दादाने आपण होऊन अंगावर घेतले. त्याने पहिल्यांदा ते मोठे फळ उचलून स्वतःसमोर ठेवले. मी ओरडले. धाकटा रडायच्या बेतात आला. आत्याने ना दादाला रागावले, ना आमची समजूत घातली. ती एवढेच म्हणाली, "वाट की, तूच वाट. पण जो वाटील त्यानं शेवटी घ्यायचं."

दादाचा हात थबकला. त्याने ते फळ परत मध्ये ठेवले. नंतर जवळजवळ पाव तास तो त्या अकरा फळांशी झुंजत होता. मोठ्याच्या जोडीला एकच लहान, मध्यम असतील तर तीन, कच्चे असेल तर ते अर्धेच धरायचे, असा त्याचा हिशेब चालला होता. चार ढीग झाले. आधी धाकट्याने उचलला, मग मी, मग आत्याने. उरलेला ढीग दादाला मिळाला आणि तो आमच्या ढिगांइतकाच चांगला होता. याचे सर्वांत जास्त आश्चर्य दादालाच वाटलेले मी पाहिले. त्या दुपारी आम्ही पुन्हा भांडलो नाही. उलट दादाने आपल्यातले एक पिकले फळ धाकट्याला दिले, ते कुणीही न सांगता.

पुढे कॉलेजात असताना माझ्या वाचनात आले की अमेरिकेतील जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ साली न्यायावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हीच गोष्ट केकच्या दाखल्याने सांगितली आहे. केक कापणाऱ्याने आपला तुकडा शेवटी घ्यायचा, म्हणजे तो आपोआप सारखे तुकडे कापतो. आत्याने रॉल्स वाचणे शक्यच नव्हते. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. पण ज्या घरात ताटे अनेक आणि भाकरी मोजकी असतात, त्या घरातल्या बायकांना न्यायाचे हे तत्त्व ग्रंथाविना कळलेले असते. वाढणारी नेहमी शेवटी जेवते. केवळ तिच्या बाबतीत एक फरक पडतो : तिच्यासाठी उरलेला ढीग सारखा असेलच असे नाही.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावेसे वाटते. दादा त्या क्षणी एकाएकी सज्जन झाला असे मुळीच नाही. नियम बदलला, आणि त्या नियमात त्याला सज्जन होता आले. त्याने आपल्या वाट्यातले एक फळ दिले ते त्यानंतर. ढीग सारखे झाल्यावर. आधी वाटणी न्यायाची झाली म्हणून मागाहून दिलेले ते फळ निव्वळ प्रेमाचे झाले. हेच जर त्याने मोठे फळ बळकावून मग एखादे लहानसे धाकट्याच्या हातावर ठेवले असते, तर तेही देणेच दिसले असते. पण आपण त्याला काय नाव दिले असते? न्याय आणि माया यांचा क्रम महत्त्वाचा आहे. माया न्यायाच्या पुढची पायरी आहे; ती न्यायाच्या जागी बसवता येत नाही.

भावंडे एका रक्ताची असतात म्हणून त्यांचे प्रेम असते, असे आपण सहज म्हणतो. मला हे खरे वाटत नाही. एकाच रक्ताची माणसे एकाच भाकरीवर हक्क सांगतात, म्हणून रक्त हे प्रेमाइतकेच स्पर्धेचेही मूळ आहे. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. भाऊबंद या गोड शब्दापासून तिने भाऊबंदकी हा कडू शब्द घडवला. बहीणबंदकी असा शब्द मात्र मराठीत नाही. यावरून बहिणी स्वभावतः अधिक प्रेमळ असतात असा निष्कर्ष कुणी काढील. मला तो घाईचा वाटतो. भांडायला बहिणीजवळ काही ठेवलेलेच नव्हते, हे त्याचे साधे कारण असू शकेल.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते आणि पैठणजवळच्या तिच्या काठावर आपेगाव आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांच्या घराण्याचे ते गाव. मराठी मनाला भावंडे म्हटले की हीच चौघे आठवतात. आईवडिलांचे छत्र गेलेले, समाजाने बाहेर टाकलेले, नावावर ना घर ना शेत. शुद्धिपत्रासाठी पैठणला आणि तेथून नेवाशाला त्यांनी जी वाटचाल केली तिला सहल म्हणणे क्रूरपणाचे होईल, पण त्या वाटेवर एकमेकांशिवाय त्यांना दुसरी इस्टेट नव्हती. मुक्ता सर्वांत धाकटी, आणि तरीही रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवाला दार उघडायला सांगण्याचा अधिकार परंपरेने तिलाच दिला आहे. वाटायला काहीच नव्हते म्हणून त्यांच्यात बहीणही भावांच्या बरोबरीची राहिली, असे मनात येते. आपण साधी माणसे. आपल्याकडे थोडेसे का होईना, वाटायला असतेच. म्हणून संतांच्या घरात ज्याची गरज पडली नाही तो नियम आपल्या घरात लागतो.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत धाकटा आत्याच्या मांडीवर झोपला होता. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "तुमचा बाप अस्साच झोपायचा. कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर वाकडी झाली." दादा आणि मी एकमेकांकडे पाहू लागलो. आमचे वडील, ज्यांच्या पावलांचा आवाज आला की आम्ही पुस्तके उघडीत असू, ते कधी कुणाच्या कडेवर होते ही गोष्टच आम्हांला नवी होती. मग साऱ्या वाटेने तिने वडिलांच्या खोड्या सांगितल्या : ओढ्यात हरवलेली चप्पल, चोरून खाल्लेला गूळ, तिच्या लग्नात ती निघाली तेव्हा बैलगाडीमागे कोसभर धावत आलेला सात वर्षांचा तो पोरगा. तेव्हा प्रथम मला उमगले की आत्या ही काही आकाशातून पडलेली प्रेमळ बाई नाही. ती बहीण आहे. आपण जिला आत्याची माया म्हणतो ती वस्तुतः बहिणीची माया, एक पिढी खाली उतरून आलेली. म्हणून आत्याचा प्रश्न हा बहिणीचाच प्रश्न होय.

आता तो व्यवहार. आजोबा वारले तेव्हा १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा होऊन बरीच वर्षे लोटली होती. हिंदू संहितेचे विधेयक अडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. पुढे त्या विधेयकाचे तुकडे तुकडे होऊन जे कायदे आले त्यांतला हा एक. त्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत, आणि वडिलोपार्जित मिळकतीतल्या बापाच्या हिश्शात, मुलीला मुलाइतकाच वारसा दिला. वडिलोपार्जित मिळकतीवरचा जन्मजात हक्क मात्र मुलग्यांकडेच ठेवला. म्हणजे आत्याला मिशा नसल्यामुळे जे कमी मिळायचे ते कायद्यानेच कमी झाले होते. पण जे मिळायचे होते तेही तिने सोडले. तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी कचेरीत जाऊन तिने हक्कसोडपत्रावर सही केली. तिला कुणी धमकावले नव्हते, कुणी फसवलेही नव्हते. कागद पुढे आला आणि तिने सही केली, एवढेच. आमच्या भागात तेव्हा सगळ्याच बहिणी अशा सह्या करीत.

मी मोठी झाल्यावर एकदा तिला विचारले, "का केलीस?" ती म्हणाली, "माहेर ठेवायचं होतं, बाई."

या उत्तरावर मी अनेक वर्षे विचार केला आहे. ते वरवर पाहता त्यागाचे उत्तर आहे. परंतु नीट पाहिले तर ते सौद्याचे उत्तर आहे, आणि सौदा तिने मांडलेला नाही. शेत सोडले तर दिवाळीला बोलावणे येईल, नाही सोडले तर दार बंद होईल, असे कुणी बोलून दाखवले नव्हते. ते सर्वांना न बोलता ठाऊक होते. दान देणाऱ्याला आपण दाता म्हणतो कारण न देण्याचाही मार्ग त्याला मोकळा असतो. तो मार्ग ज्याला नाही त्याने दिले, तर ते दान कसले? ते मोल होय. आत्याने शेत देऊन माहेर विकत घेतले. आणि मग त्या विकत घेतलेल्या माहेरी ती दरवर्षी येई, भावाने घातलेली ओवाळणी पदरात बांधी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भावाच्या मुलांवर उधळून टाकी. हा हिशेब मी कधी तिच्यापुढे मांडला नाही. मांडला असता तर ती दुखावली असती, कारण तिची माया खरी होती. हाच या प्रश्नातला अवघड भाग आहे : माया खरी, आणि तरीही वाटणी खोटी.

आत्या आणि भाचा यांची एक भेट महाभारतात आहे. कुंती ही वसुदेवाची बहीण, म्हणजे कृष्णाची आत्या. शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेलेला कृष्ण विदुराच्या घरी तिला भेटतो. तेरा वर्षे मुलांची ताटातूट सोसलेली ती बाई भाच्याजवळ मन मोकळे करते. आपल्याला वाटते, ती दुर्योधनाला शिव्याशाप देईल. पण ती म्हणते की मी दोष दुर्योधनाला देत नाही, स्वतःलाही देत नाही. देते तो माझ्या पित्याला, ज्याने लहानपणीच मला धनासारखे उचलून कुंतिभोजाला देऊन टाकले. राज्य गेले, मुले वनात गेली, आणि या राजमातेच्या मनात अजून सलते आहे ते माहेराने केलेले! ही गोष्ट ती बोलली कुणाजवळ? भावाजवळ नव्हे, भावाच्या मुलाजवळ. कारण भावाजवळ बोलले तर माहेर तुटते. सगळ्या आत्यांना हे ठाऊक असते.

याच्या उलट बाजूला जे म्हटले जाते तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. पहिले म्हणणे असे की आमच्यासारख्या कोरडवाहू भागात शेत ते केवढे. त्याचे आणखी तुकडे केले तर कुणाचेच पोट भरणार नाही. दिवाळी सरते न सरते तोच आमच्या जिल्ह्यातली हजारो जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, ते शेतात भागत नाही म्हणूनच. हे खरे आहे. पण तुकडे होऊ नयेत याची काळजी भावाभावांत वाटणी होताना कुणी करीत नाही. बहिणीचे नाव निघाले की तेवढी ती आठवते. शिवाय नाव लागणे म्हणजे बांध घालणे नव्हे. शेत एकत्र कसता येते, खंडाने देता येते, पिकातून वाटा देता येतो.

दुसरे म्हणणे असे की बहिणीच्या लग्नात खर्च झाला, तोच तिचा वाटा. हा खर्च कुणाच्या हाती गेला, हे विचारले की या म्हणण्याचे उत्तर मिळते. मांडव, जेवणावळी आणि वरपक्षाचे मानपान यांत जे गेले ते तिच्या नावावर कधी आलेच नाही.

तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे : आईवडिलांचे म्हातारपण भावाने काढले, उशापायथ्याशी तो बसला. जिथे हे खरे असेल तिथे त्याचे मोल जरूर व्हावे. बहिणीनेच ते आपण होऊन मान्य करावे. पण मोल करायचे तर तेही सर्वांनी मिळून, उजेडात करावे. वाटणाऱ्याने आपले आपण करून घेऊ नये. आणि ज्या घरी बहिणीने हे केले तिथेही तोच न्याय लागू व्हावा.

कायदा आता आपल्या पुढे निघून गेला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मजात हक्क दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या ९ सप्टेंबरपासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो. २००५ साली तिचा बाप हयात असायला हवा होता असे नाही. मिशांचा प्रश्न कायद्याने निकालात काढला. परंतु कायदा सातबाऱ्यावर नाव लावू शकतो. नाव लागल्यावर दिवाळीचे बोलावणे येईल याची हमी तो देऊ शकत नाही. ती हमी भावाने द्यायची असते.

आत्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. मी स्वतः दोन घरच्या मुलांची आत्या आहे. त्यांची नावे मीच पाळण्यात सांगितली. गेल्या वर्षी वडील गेले. वारसांच्या नोंदीचा प्रश्न आला तेव्हा गावातल्या एका जाणत्या गृहस्थाने नेहमीच्या सरावाने हक्कसोडीचा विषय काढला. धाकटा माझ्याकडे पाहीना. मी दादाला म्हटले, "मी सोडते म्हणत नाही, नाही सोडणार असंही म्हणत नाही. आधी तिघांची नावं लागू दे. मग कुणी कुणाला काय द्यायचं ते आपण बोलू." दादा काही वेळ गप्प राहिला आणि मग त्या गृहस्थांना म्हणाला, "तिचं नाव आधी लिहा. माझं शेवटी."

त्याला अंबाजोगाई आठवली की काय, हे मी विचारले नाही. आम्ही अजून वाटण्या केलेल्या नाहीत. माझ्या वाट्याचे मी काय करीन हेही ठरवलेले नाही. कदाचित धाकट्याला कसायला देईन, त्याची ओढाताण मला दिसते. पण जे काही देईन ते माझे असेल आणि मी दिलेले असेल. ज्याच्याजवळ आहे तोच देऊ शकतो. ज्याच्या हाती कधी काही आलेच नाही, त्याच्या सोडण्याला त्याग म्हणून त्याची आरती ओवाळणे, हा आपल्या घरांनी आपल्या लेकींशी केलेला सर्वांत गोड अन्याय आहे.

भाऊबीज ही यमद्वितीया. कथा अशी की यम त्या दिवशी आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला. कथेतला भाऊ बहिणीच्या घरी जातो, हे आपण विसरलो. तिला घर होते, तिच्या घरी अन्न होते, आणि ते वाढून तिने जे मागितले ते यमाने दिले. बरोबरीच्या नात्यात ओवाळणी किती शोभते! यंदा ताटात नोट ठेवताना ज्या भावांच्या हाती घराची कागदपत्रे आहेत त्यांनी एवढेच मनाशी विचारावे की वाटणारा कोण आहे, आणि तो आपला ढीग केव्हा उचलतो आहे. ज्या घरी वाटणारा शेवटी घेतो त्या घरी बहिणीला माहेर विकत घ्यावे लागत नाही. आणि त्या घरच्या मुलांना जी आत्या लाभते, तिची माया कुणाचे काही देणे लागत नसते.